साडेसतरा चिंचोके

दुपारी साडेतीनला पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला आणि मला कॉर्नेल विद्यापीठ आठवलं. माझा त्या विद्यापीठाशी काडीचा संबंध नाही. पण तिथल्या लोकांनी २०२५ साली कांदा चिरण्यावर रीतसर संशोधन केलं, तेव्हापासून सुरी हातात घेतली की ते सगळे माझ्या ओट्यापाशी येऊन उभे राहतात.

त्यांनी एक छोटं गिलोटिन बनवलं, कांद्यावर रंग फवारला, झपाट्याने चित्रं टिपणारा कॅमेरा लावला आणि उडणारे तुषार पाहत बसले. बोथट पातं कांद्यात पटकन शिरत नाही. वरचा पापुद्रा दबतो, आत दाब साठतो, आणि पापुद्रा फाटला की रसाची पिचकारी उडते. धारदार पात्याने, सावकाश चिरलं तर ती कमी उडते. गार केलेला कांदा उलट जास्त तुषार उडवतो, असंही त्यांना दिसलं. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून माझ्या फ्रीजच्या दारात कायम दोन कांदे असायचे. ते मी त्याच दिवशी मुकाट्याने टोपलीत टाकले. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

आमच्या लहानपणी सुरी फक्त पाहुण्यांसमोर सफरचंद कापायला निघायची. बाकी सगळं विळीवर. आई एक पाय विळीच्या पाटावर ठेवून बसायची आणि कांदा पात्यावर रेटायची. कॉर्नेलवाल्यांचं पातं वरून खाली येतं. विळीचं पातं जागचं हलत नाही, कांदाच त्याच्याकडे जातो, आणि चिरणारीचं तोंड बरोब्बर वर ओणवलेलं. त्यात आमची विळी कायम बोथट. धारवाला दुपारी सायकल स्टँडवर लावून पायडल मारत चाक फिरवायचा, ‘चाक्कू-सुरी-काऽत्रीला धाऽर’ अशी हाळी द्यायचा, ठिणग्या बघायला अख्खी आळी जमायची. आई कात्री द्यायची, अडकित्ता द्यायची, विळी नाही. “पोरं घरभर धावतात, पाय पडला तर?” आमच्या पायांसाठी ती वर्षानुवर्षं डोळे पुसत राहिली. आम्ही तिच्या डोक्यावर कांद्याचं साल ठेवायचो, म्हणजे म्हणे पाणी येत नाही. यायचंच.

कांद्याने रडू का येतं, यावर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहिला होता. डोळ्यांना झोंबणारा वायू तयार करणारं एक वेगळंच एन्झाइम त्यांना सापडलं. त्यासाठी २०१३ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात, ते.

अशा बातम्या आमच्या घरात मोठ्याने वाचल्या जातात. चूक माझीच. नाना रोज दहा हजार पावलं चालतात. गुडघ्यांमुळे रस्त्यावर नाही, घरातच. गॅलरीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चाळीस पावलं. दहा खेपा झाल्या की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. असे पंचवीस चिंचोके.

२०१९ मध्ये मी त्यांना वाचून दाखवलं, की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरचा नाहीच. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. हार्वर्डच्या डॉक्टर आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांची पावलं मोजली, तर फायदा साडेसात हजारांच्या आसपासच थांबतो असं दिसलं.

नाना म्हणाले, “ते बायकांचं आहे.”

मग २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र करून आकडा आला सात हजार. यात पुरुषही होते. मी विजयी मुद्रेने हिशेब मांडला, “नाना, साडेसतरा चिंचोके पुरे.”

“अर्धा चिंचोका कसा करायचा? आणि आजवर जास्तीची चाललो, ती कोणाकडे मागू?”

याला लॅन्सेटकडे उत्तर नसावं.

कुठलंही संशोधन सांगितलं की ‘हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत होतंच’ म्हणणारे एक मामा प्रत्येक घरात असतात. नाना त्यातले नाहीत. ते फक्त ऐकून घेतात आणि करायचं तेच करतात. तेल अवीवच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की टोमॅटोच्या आणि तंबाखूच्या रोपांना पाणी मिळालं नाही की ती तासाला तीस-पन्नास वेळा टक् टक् आवाज करतात, आपल्या कानांना ऐकू न येणारा. हे वाचून मी चपापले आणि आधी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. नाना कानातलं यंत्र नीट करत म्हणाले, “मला तुझंच अर्धं ऐकू येत नाही. रोपांचं कुठे घेऊन बसलीस!”

तर आज. धारवाला आमच्या भागात येऊन किती वर्षं झाली कोण जाणे. मी कप पालथा घातला, बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी चार-पाचदा घासली आणि कॉर्नेलला स्मरून हळूहळू कांदा चिरला. तरी डोळे वाहायला लागलेच. तेवढ्यात नानांची खेप दारापर्यंत आली.

“काय झालं गं?”

“कांदा.”

“हं,” म्हणाले आणि वळले. दोन पावलांवर थांबले. “बोलायला लावलंस. कितवी खेप होती?”

मला काय माहीत. पोहे भिजत होते, म्हणून बाहेर येऊन दोन्ही वाट्यांतले चिंचोके मोजले, म्हटलं काही अंदाज लागतोय का बघू. एकीत अकरा, दुसरीत पंधरा.

परत मोजले. सव्वीसच होते.