तुम्ही विचारलंत म्हणून: घटस्फोटासाठी वकील करावा का?

ऑफिसात डबा खाताना एखादी मुलगी आवाज खाली आणून मला विचारते, "ताई, तुम्ही वकील केला होता का? करावाच लागतो का?" कायद्याने करावा लागत नाही. उलट कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 नुसार तेथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, त्यामुळे वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात काळ्या कोटांची गर्दी इतकी असते की वकिलाशिवाय आत सोडतच नसावेत असे वाटते.

मी 2018 साली वकिलाशिवाय गेले. अर्ज परस्पर संमतीचा होता, मूल नव्हते आणि भांडून दोघेही दमलो होतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे वर्षभर वेगळे राहणे झाले होते. अर्जानंतरचे सहा महिनेही आम्ही थांबलो. (ही मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले आहे, पण आम्हाला घाई नव्हती.) समुपदेशक बाईंनी दोघांशी बोलून घेतले, न्यायाधीशांनी संमती राजीखुशीची आहे ना हे विचारले आणि हुकूमनामा झाला. वकिलाची फी वाचवली म्हणून मी बरीच खूश होते.

संमतीच्या अटी आम्हीच टाइप केल्या होत्या. त्यांत एक ओळ होती: "मुलुंडचा फ्लॅट पत्नीकडे राहील." पुढे कर्ज एकटीच्या नावावर करायला गेले, तेव्हा बँकेने शांतपणे सांगितले की तुमच्या आपसातल्या अटी बँकेवर बंधनकारक नाहीत, तुमचे पूर्वीचे पती अजूनही सहकर्जदार आहेत. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही पहिले नाव त्यांचेच. शेवटी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली आणि समासात तीन प्रश्न लिहिले: केव्हा? कसा? कोणाच्या खर्चाने? पती-पत्नी असताना बक्षीसपत्र केले असते, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र लागले असते. घटस्फोटानंतर ती सवलत मागायला ते नातेच उरले नव्हते.

म्हणून माझे मत असे की, सगळे खरोखर ठरलेले असेल तर न्यायालयात उभे राहायला वकील नसला तरी चालतो, पण सही करण्यापूर्वी अटींचा कागद वाचायला वकील हवाच, आणि तोही समोरच्या पक्षाने आणलेला नव्हे. "आपल्या दोघांचा एकच वकील" ही काटकसर मला कधीच पटली नाही.

मुलाचा ताबा, पोटगी किंवा मारहाण यांपैकी काही असेल, किंवा समोरच्याने वकील दिला असेल, तर विचार करण्यात दिवस घालवू नका. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्तेचे आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि समोरच्याच्या प्रतिज्ञापत्रात काय गाळले आहे हे सरावलेल्या नजरेलाच दिसते. फीची चिंता असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. नोकरी करणाऱ्या मुलींना हे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही.

आणि संमतीचेच प्रकरण असेल, तर वकीलपत्र न देता फक्त मसुदा वाचण्याची फी किती, असे आधीच स्पष्ट विचारावे. जाताना कर्जाचे कागद आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत बरोबर न्यावी.