खिचडीत बटाटा: हो की नाही (मतदान गुप्त नाही!!)

सासरच्या ग्रुपवर आम्ही एकोणीस जण आहोत आणि त्यातले निम्मे फक्त सकाळी गुलाबाचं फूल टाकण्यापुरते उगवतात, मग दिवसभर शांतता, मग रात्री कोणीतरी गुड नाईटचा चंद्र टाकतं, झालं. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, ग्रुपची ही दिनचर्या मी कधी मोडली नव्हती. पण आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी मला डोंबिवली लोकलमध्ये चक्क बसायला जागा मिळाली, आणि माणसाला बसायला जागा मिळाली की नसते उद्योग सुचतात.

मी एक पोल टाकला. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा हवा का? हवा / नको. बास, एवढंच.

व्हॉट्सॲपवर पोल आले २०२२ च्या नोव्हेंबरात, पण आमच्या ग्रुपवर हा पहिलाच. त्यामुळे कोणालाच माहीत नव्हतं की खाली 'मतं पाहा' म्हणून एक बटण असतं आणि ते दाबलं की कोणी कुठे टिक केलंय ते नावानिशी, फोटोसकट, वर वेळेसकट दिसतं. मलाही तेव्हा लक्षात नव्हतं, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंनी पहिलं मत टाकलं, नको. त्यांच्या माहेरी बटाटा घालत नाहीत, म्हणजे ते जगात कुठेच घालत नाहीत. पाच मिनिटांत जाऊबाईंचं मत, नको. नणंदेचं, नको (ती दर वेळी माझ्या घरी येऊन बटाट्याच्या फोडी शोधून शोधून खाते, पण असो). आणि मग माझ्या नवऱ्याने, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून, भोळेपणाने 'हवा'वर टिक केलं. संध्याकाळी घरी पोचते तर आई ओट्यापाशी शेंगदाणे भाजतायत आणि शांतपणे म्हणतायत, "बटाटा हवाय ना, बायको देईल करून." तो बिचारा बूटसुद्धा न काढता दारात उभा, आधी मतं कुठे दिसतात ते मला विचारलं आणि मग मत बदलता येतं का ते. येतं बदलता. पण आईंनी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.

सासऱ्यांनी मात्र दोन्हीवर टिक केलं. मी 'एकापेक्षा जास्त उत्तरं' हे बंद करायला विसरले होते. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस आहे, दोन्ही खाती जुळवून मोकळे झाले आणि पेपर वाचत बसले.

इथपर्यंत ठीक होतं. पण आत्यांनी (नवऱ्याच्या, मुक्काम नाशिक) लिहिलं की उपासाला बटाटा म्हणजे आजकालची फॅडं, आपल्या पूर्वजांपासून चालत आलेली खिचडी म्हणजे साबुदाणा, दाणे, मिरची, बास. आता हे वाचून माझ्यातला क्विझमास्टर जागा झाला, शाळेत सामान्यज्ञानाला मला दोनदा कंपासपेटी मिळालीय.

तर गंमत अशी की साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, म्हणजे कसावाचा, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. खरा सागो झाडाच्या, एका प्रकारच्या ताडाच्या खोडातून निघायचा, पण आपल्या डब्यात असतो तो कंदाचाच, आणि बराचसा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. शेंगदाणा? दक्षिण अमेरिका. मिरची? अमेरिका. आपल्याकडे त्याआधी तिखटाला मिरे होते. बटाटा तर अमेरिकेचाच, आणि त्याचं नावसुद्धा पोर्तुगीजांनी दिलेलं. रताळं अमेरिकेचं. राजगिरा, ज्याचे लाडू आपण इतक्या सात्विक चेहऱ्याने खातो, तोही तिकडचाच. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले आणि त्यानंतर हळूहळू हा सगळा बाजार इकडे आला. ज्ञानेश्वर माऊलींनी समाधी घेतली १२९६ मध्ये, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधी. माऊलींनी आयुष्यात साबुदाण्याची खिचडी खाल्लेली नाही, बटाटा घालून नाही आणि न घालूनही नाही!

हे मी सगळं टाइप करून टाकलं. अठराच्या अठरा जणांनी वाचलं, निळ्या टिका. आणि वीस मिनिटं ग्रुपवर कोणी काही बोललं नाही, गुलाबसुद्धा नाही.

मग न्यू जर्सीच्या दिराने लिहिलं, "म्हणजे वहिनी, मी इथे राहून जास्त शास्त्रोक्त उपास करतो." हशा पिकला आणि वाचले मी. आत्यांनी फक्त "वरीचे तांदूळ तरी आपले आहेत ना" असं विचारलं. म्हटलं आत्या, वरई आपल्याकडची खूप जुनी आहे, निर्धास्त खा. तेव्हापासून आत्या भगरवाल्या झाल्यात.

त्या दिवसानंतर रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या जागी माझा एक प्रश्न असतो. प्रश्न मुद्दाम असे निवडते की उत्तर कळल्यावर माणूस "हॅट्" म्हणेल. तात्या विंचू आणि लिज्जत पापडाचा ससा यांचं नातं काय? (दोन्ही बाहुल्या, आणि दोघांच्या मागे हात बोलक्या बाहुल्यांवाल्या रामदास पाध्यांचे.) बरं मग तात्या विंचू आणि महात्मा गांधींचं नातं काय? यावर सासरे जाम चिडले, गांधीजींचं नाव कशात घेतेस म्हणून. पण उत्तर आहे दिलीप प्रभावळकर! १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू, २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये गांधीजी, आणि राष्ट्रीय पुरस्कारसुद्धा मिळवला गांधीजींसाठी. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते आणि मला एका मजल्याच्या जिन्याला धाप लागते, हे आपलं जाता जाता.

अशोक सराफांना पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये, त्या दिवशी मी विचारलं की मामा सिनेमाआधी कुठे नोकरीला होते. सासऱ्यांनी चार सेकंदांत उत्तर दिलं, स्टेट बँक!! म्हटलं एवढं फास्ट कसं, तर म्हणे बँकवाल्यांना हे माहीत असतंच. एरवी हा माणूस जेवायला काय करू विचारलं तर "काहीही" म्हणतो. मग दिवसभर ते खूश होते, संध्याकाळी जिलबी आणली.

माझा स्वतःचा लाडका प्रश्न मात्र साळुंक्यांचा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कॉरोनेशन सिनेमात लागला, ३ मे १९१३. त्यात तारामती कोण? तर अण्णा साळुंके, पुरुष. सिनेमात काम करायला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी एका हॉटेलात कामाला असलेल्या ह्या साळुंक्यांना उचललं. आणि पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पण तेच आणि सीता पण तेच. म्हणजे स्वतःच्याच विरहात स्वतः रडायचं, विचार करा. यावर सासूबाईंचा एकच प्रश्न होता, "हॉटेलात होता ना, मग खिचडी कशी करायचा?"

सगळेच प्रश्न असे जमत नाहीत हां. पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी कोण हा मी टाकला आणि नागपूरच्या मावशींनी (सासूबाईंची बहीण) ताबडतोब सांगितलं की ती आमच्या नागपूरचीच, आता मोठी बाई आहे, फोटो पण आहे माझ्याकडे. मी म्हटलं मावशी, ते चित्र आहे, कंपनीने स्वतः सांगितलंय की तो कोणाचा फोटो नाही. मावशींनी मला तोच जुना फॉरवर्ड पाच वेळा पाठवला. पाचव्यांदा मी अंगठा दाखवून गप्प बसले. नागपूरशी वाद घालू नये, उन्हाळ्यात तिकडे जायचंय.

पोलचं तर विचारूच नका. पोह्यांवर शेव की फक्त खोबरं-कोथिंबीर, चहात बिस्किट बुडवल्यावर तुटलं तर चमच्याने काढावं की राहू द्यावं, उपासाला कोथिंबीर चालते का (यावर दोन दिवस घरात गार वारं होतं, पुन्हा काढणार नाही). आता सगळ्यांना 'मतं पाहा' कळलंय, त्यामुळे कोणी पहिलं मत टाकतच नाही. सगळे थांबतात आईंचं मत पडेपर्यंत. पडलं की धडाधड नऊ-दहा टिका. पोहे-शेवचा पोल बारा विरुद्ध एक झाला आणि तो एक म्हणजे मी, कारण मी लोकलमध्ये उभी होते आणि नेटवर्क नव्हतं, मला कळलंच नाही की आई शेवेच्या विरोधात आहेत.

आणि परवा, गणपतीला आठ दिवस असताना, ग्रुपवर आईंचा पहिलावहिला पोल आला. स्वतः बनवलेला, नातवाकडून शिकून. प्रश्न होता, नैवेद्याला काय करायचं? पर्याय दोन. मोदक. आणि खाली, मोदकच.

नवऱ्याने तीन सेकंदांत 'मोदकच'वर टिक केलं. बाबांनी दोन्हीवर.