जुन्या गुलाबाला बुडातून फूट आणताना: माझा अनुभव

आमच्या पुण्यातल्या गच्चीवरचा ग्लॅडिएटर जातीचा गुलाब जुना झाला होता. दर ऑक्टोबरात छाटणी व्हायची, फुलंही यायची, पण सगळी फूट वरच्या बारीक काड्यांना. खाली नुसत्या करड्या, भेगाळलेल्या जून फांद्या. बुडातून नवी फांदी येणं थांबलं की कलमी गुलाब हळूहळू संपतो, मग खत कितीही घाला.

म्हणून या वेळी सुरुवात बुडापासून केली. खोडाभोवतीची माती बोटांनी बाजूला सारली. जिथे डोळा (फूट निघते तो कोंब) भरून कलम करतात ती गाठ शेणखताच्या थरांखाली बुजली होती. ती उघडी करून जुन्या टूथब्रशने हलकेच घासली. आपल्या हवेत गाठ मातीच्या वर, उन्हात राहिलेलीच बरी. एक वाळलेली फांदी करवतीने गाठीला लागून काढली, कारण खुंटी ठेवली की ती कुजत जाते.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला फांदी वाकवण्याचा. मावळातले पॉलिहाऊसवाले याला बेंडिंग म्हणतात. शेंड्यातलं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा खुडून फांदी आडवी केली की हा दाब कमी होतो, मुळांकडून येणाऱ्या सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे डोळे फुगू लागतात. शिवाय आडव्या फांदीची पानं अन्न बनवून बुडाला पुरवतच राहतात. सगळं झाड खरडून छाटण्यापेक्षा मला हे कितीतरी पटतं. जून फांदी वाकवली तर मोडते, म्हणून हिरवी, लवचीक फांदी निवडली आणि सुतळीने कुंडीच्या काठाला बांधली. सोबत शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड.

काही आठवड्यांनी गाठीवर मोहरीएवढा लाल ठिपका दिसला. मी रोज सकाळी वाकून तोच बघायला लागले! फूट नक्की कुठून निघते हे मात्र आधी तपासलं. गाठीच्या खालून आली तर ती खुंटाची, म्हणजे ज्या जंगली गुलाबावर कलम केलं त्याची. ती कापायची नसते, माती उकरून मुळाशी ओरबाडून काढायची, नाहीतर उरलेल्या डोळ्यांतून पुन्हा येते. एका देठावर सात छोटी पानं म्हणजे जंगली, ही खूण भरवशाची नाही. कलमी गुलाबालाही सात पानं येतात.

माझी फूट गाठीवरचीच होती. तांबडी, तजेलदार, आणि इतकी रसाळ की जरा धक्का लागला तर सांध्यातून निखळावी. लगेच काठीचा आधार दिला. गुडघ्याएवढी झाल्यावर, कळी धरण्याआधीच शेंडा खुडला. तसं केलं नाही तर टोकाला कळ्यांचा झुपका येतो आणि फांदी जून व्हायच्या आत सगळा जोर त्यातच जातो.

आता ती करंगळीपेक्षा जाड झाली आहे आणि खुडल्या जागेखालून निघालेल्या फांद्यांना कळ्या लागल्या आहेत. वाकवलेली फांदी अजून हिरवी आहे, तिची पानं टिकतील तोवर ती तशीच ठेवणार. येत्या ऑक्टोबरात जून फांद्यांपैकी आणखी एक गाठीपासून काढायची आहे.