तारीख आधी, कलम नंतर

रत्नागिरी, नोव्हेंबर. रात्री साडेदहा.

दिवाळी सरली की हापूसच्या बागांत नेपाळी राखणदार दिसायला लागतात. बंदरात तर १ ऑगस्टला मासेमारी उघडते तेव्हापासूनच नेपाळी खलाशी बोटींवर असतात. यांचे कागद कुठे, असं मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘नेपाळ्यांना कागद लागत नाय.’

कायद्याच्या विद्यार्थ्याने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावं आणि त्याखाली चार प्रश्न मांडावेत. कशासाठी लागत नाहीत? कुठल्या कायद्याने? कधीपासून? आणि कुठून आलेल्याला? परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याचं निम्मं काम या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर दाखवता येण्यात आहे. मालकाचं म्हणणं चूक नाही, अर्धवट आहे. या कायद्यात अर्धवट माहितीवर माणूस कोठडीत जाऊ शकतो.

बहुतेक विद्यार्थी पहिली झेप घेतात ती भारत-नेपाळ कराराकडे. ३१ जुलै १९५० चा हा करार. त्याच्या ७ व्या अनुच्छेदात राहणं, मालमत्ता, व्यापार, ये-जा यांबाबत एकमेकांच्या नागरिकांना परस्पर तत्त्वावर सारख्याच सवलती देण्याचं कबूल केलेलं आहे. वाचायला छान वाटतं, पण न्यायालयात नुसता करार पुढे करून भागत नाही. करार आपोआप देशाचा कायदा होत नाही, हे जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन (१९८०) या निवाड्यात स्पष्ट आहे. करारातलं वचन देशातल्या कुठल्या नियमात उतरलं, ते शोधायचं.

आणि इथेच तारीख आडवी येते.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला. त्याने चार जुने कायदे रद्द केले: १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा, १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा. लायब्ररीत असलेली बहुतेक भाष्यं, गाइडं आणि बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) १९४६ च्या कायद्यावरच आहेत. ती टाकून द्यायची नाहीत. ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत घडलेल्या गोष्टींना तीच लागतात. राखणदार २०१९ मध्ये आला असेल तर त्याच्या प्रवेशाला १९२० चा कायदा आणि त्याखालचे १९५० चे नियम लागू, आणि पासपोर्टमधून सूट शोधायची ती त्या नियमांतल्या ४ थ्या नियमात. तोच माणूस या दिवाळीत गावी जाऊन परत आला असेल, तर या खेपेच्या प्रवेशाला नव्या कायद्याखालचा सवलतींचा आदेश, म्हणजे इमिग्रेशन अँड फॉरेनर्स (एक्झेम्प्शन) ऑर्डर, २०२५ बघायचा. म्हणून प्रकरणाच्या टिपणाच्या डोक्यावर आधी घटनेची तारीख लिहावी आणि मगच कलम शोधायला बसावं. उलट क्रमाने केलेलं टिपण पुन्हा लिहावं लागतं.

सूट वाचताना एकेका शब्दावर बोट ठेवायचं. पासपोर्टशिवाय प्रवेशाची मुभा आहे ती नेपाळच्या सीमेवरून, जमिनीने किंवा विमानाने येणाऱ्या नेपाळी नागरिकाला. सीमेवरच्या सोनौलीवरून बसने आला, चालतं. काठमांडूहून विमानाने आला, तरी चालतं. पण कतारमध्ये नोकरी करणारा तोच माणूस दोह्याहून थेट मुंबईला उतरला तर पासपोर्ट लागतो. माणूस तोच, नागरिकत्व तेच, फक्त वाट बदलली. ‘नेपाळ्यांना कागद लागत नाय’ हे वाक्य इथे तुटतं.

दुसरी गोष्ट. व्हिसा-पासपोर्टची सूट म्हणजे ओळख पटवण्यातून सूट नव्हे. आपण नेपाळी नागरिक आहोत हे दाखवायची जबाबदारी त्या माणसावरच असते. १९४६ च्या कायद्यात हे ९ व्या कलमात होतं, नव्या कायद्यातही पुराव्याचा भार त्याच बाजूला आहे. पण यासोबत रहीम अली विरुद्ध आसाम राज्य (२०२४ आयएनएससी ५११) वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कुणाच्याही दारावर थाप मारून ‘तू परकीय नाहीस हे सिद्ध कर’ म्हणता येत नाही, आधी यंत्रणेकडे काहीतरी साहित्य हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. निकाल ९ व्या कलमावरचा, कलम आता नाही, पण तर्क शिल्लक आहे. तो नव्या कलमाला लावताना दोन्हींची शब्दरचना शेजारी शेजारी ठेवून दाखवावी लागते. नुसता निवाडा चिकटवून होत नाही.

आधार कार्डाचा गोंधळ तर प्रत्येक टिपणात सापडतो. आधार हे रहिवाशाला मिळतं, आणि रहिवासी म्हणजे अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस वा अधिक इथे राहिलेला. आधार कायदा, २०१६ चं ९ वं कलम सांगतं की आधार क्रमांक स्वतःहून नागरिकत्वाचा पुरावा होत नाही. बागेत वर्षानुवर्षं राहणाऱ्याकडे आधार असलं म्हणून तो भारतीय झाला नाही, आणि भारतीय नसताना त्याच्याकडे आधार सापडलं म्हणून तेवढ्यावर ते बनावटही ठरत नाही. दोन्ही बाजूंनी घाई होते.

मूळ मजकूर कुठून घ्यायचा? कायदा ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, पण नियम आणि आदेशांसाठी ई-गॅझेट, म्हणजे ऑनलाइन राजपत्रच उघडावं. केंद्राच्या राजपत्रात कायदे भाग २, विभाग १ मध्ये, आणि नियम-आदेश भाग २, विभाग ३ मध्ये येतात. विभाग ३ चे पुन्हा पोटविभाग: (i) मध्ये जी.एस.आर. (जनरल स्टॅट्युटरी रूल्स) क्रमांकाचे, (ii) मध्ये एस.ओ. (स्टॅट्युटरी ऑर्डर) क्रमांकाचे. नावात ‘ऑर्डर’ आहे म्हणून एस.ओ. मध्येच शोधत बसू नये. जुन्या कायद्याखालच्या फॉरेनर्स ऑर्डरमधली २०१५ ची दुरुस्ती जी.एस.आर. क्रमांकाने निघाली होती. दोन्ही पोटविभाग पाहावेत. सापडल्यावर तीन गोष्टी उतरवून घ्याव्यात: क्रमांक, राजपत्राची तारीख आणि अंमलाची तारीख. शेवटच्या दोन नेहमी एक नसतात. २०२५ च्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही एप्रिलमध्ये झाली, अंमल सप्टेंबरमध्ये. मधल्या पाच महिन्यांत जुनाच कायदा जिवंत होता. मे २०२५ च्या घटनेला नवं कलम लावलेली टिपणं याच घोळातून येतात.

शिक्षेच्या बाबतीत तारखेचं वजन सगळ्यात जास्त. बनावट पासपोर्ट वापरण्यासाठी १९४६ च्या कायद्यातलं १४बी कलम दोन ते आठ वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार दंड सांगत होतं. नव्या कायद्यात कैद दोन ते सात वर्षं, दंड एक ते दहा लाख. म्हणजे कैदेची कमाल मर्यादा घटली, दंड कैक पटींनी वाढला. कृत्य २०२३ चं असेल तर राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) वाढीव दंडाला आडवा येतो: कृत्याच्या वेळी होती त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही. कैदेची घटलेली मर्यादा मात्र आरोपीच्या बाजूने मागता येईल का, यावर टी. बराई विरुद्ध हेन्री आह हो (१९८३) हाताशी आहे. नंतरच्या कायद्याने शिक्षा सौम्य केली तर तिचा फायदा आरोपीला मिळावा, हे त्यातलं तत्त्व. समोरून, म्हणजे सरकारी पक्षाकडून, जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं ६ वं कलम येणार, कारण कायदा रद्द झाला तरी आधीची दायित्वं त्याने टिकतात. मूट कोर्टासाठी (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यासाठी) याहून चांगला प्रश्न सध्या तरी मला दिसत नाही.

आखाताचं थोडक्यात, कारण इथे ‘इमिग्रेशन’ म्हटलं की खेड-दापोलीचा माणूस कुवेत-दुबईच समजतो. तो वेगळा कायदा आहे, १९८३ चा एमिग्रेशनचा, इंग्रजीत ‘ई’ने सुरू होणारा: बाहेर जाणाऱ्यांचा. त्याच्या २२ व्या कलमाखाली ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) पासपोर्टवाल्याला अठरा देशांच्या यादीतल्या देशात नोकरीला जाण्याआधी परवानगी लागते. दहावी पास असला किंवा खलाशाचं सीडीसी (जहाजावरच्या नोकरीचं नोंदपुस्तक) असलं तर ईसीआरचा शिक्का लागत नाही. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. हा आकडा घराघरात माहीत व्हायला हवा. दोन कायद्यांची टिपणं एका वहीत ठेवू नयेत.

एक राहिलं: दाद कुठे मागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे गेले. रायगड मुंबईकडेच राहिला. बाणकोटच्या खाडीत वेसवीहून फेरीबोटीत बसून बागमांडल्याला उतरलं की जिल्हा बदलतो आणि रिटचा, म्हणजे उच्च न्यायालयातल्या अर्जाचा, पत्ताही बदलतो. मंडणगडच्या बागेतला राखणदार कोल्हापूरला, श्रीवर्धनच्या बागेतला मुंबईला. तेव्हा टिपणाच्या डोक्यावर तारखेशेजारी तालुकाही लिहावा.