आमची वाटचाल: जमाखर्चाच्या वहीतून उभा राहिलेला किशोरांचा उद्योगवर्ग

आमची फर्म मुळात हिशोबाची. छोट्या व्यावसायिकांचे जमाखर्च लिहायचे, बिलं लावायची, वर्षअखेरीला ताळेबंद काढून द्यायचा, हे माझं आणि माझ्या भागीदाराचं काम. किशोरवयीन मुलांना व्यवसाय शिकवण्याचा विचार या कामातूनच आला आणि आजही दोन्ही कामं एकाच छताखाली चालतात.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण आपापल्या कामात तरबेज असायचे. शिवणकाम करणारे, छपाईवाले, वायरिंगची कामं घेणारे. हात इतका बसलेला की माल बघत राहावा. पण "एका नगामागे तुम्हाला खर्च किती येतो?" असं विचारलं की ते फक्त कच्च्या मालाचा आकडा सांगायचे. स्वतःची मजुरी धरलेली नसायची, यंत्राची झीज धरलेली नसायची, उधारीत अडकलेले पैसे तर कुठेच दिसायचे नाहीत. गल्ल्यात रोकड दिसली की तो नफा. मग वर्षअखेरीला आम्ही ताळेबंद समोर ठेवला की चेहरा उतरायचा. हे बघताना आम्हाला फार वाईट वाटायचं, कारण त्या माणसांचे कष्ट खरे होते.

पंचेचाळिशीत ही सवय बदलणं अवघड असतं. भाव वाढवला तर जुनी गिऱ्हाइकं जातील ही भीती असते, घर त्याच धंद्यावर चालत असतं, चुकायला जागाच नसते. पंधराव्या वर्षी हाच धडा अगदी थोड्या भांडवलावर शिकता येतो आणि तोटा झाला तरी कोणाच्या घरची चूल थांबत नाही. म्हणून एका सुट्टीत आमच्या ग्राहकांचीच १४ ते १७ वयाची मुलं आम्ही ऑफिसात बोलावली.

व्याख्यान दिलं नाही. प्रत्येक गटाला एक वही आणि सगळ्यांना सारखंच, छोटंसं भांडवल दिलं. ते फर्मचं, परत करायचं. घरून वर एक पैसाही आणायचा नाही आणि कोणाकडून उसनं घ्यायचं नाही. आजपर्यंत या अटी आम्ही बदललेल्या नाहीत. घरच्या पैशाची मर्यादा नसली की ज्याच्या घरी जास्त आहे तोच गट पुढे जातो आणि मुलं त्यातून भलताच निष्कर्ष काढतात.

एका गटाने एका बाजूने कोऱ्या कागदांच्या वह्या बांधल्या. त्या गटाचा हिशोब मी अजूनही प्रत्येक नव्या तुकडीला मांडून दाखवते. आकडे सोयीसाठी गोल केलेत, चलन कुठलंही धरा. कागद फुकटचा, पुठ्ठा, दोरा आणि डिंक मिळून नगामागे १५. भाव ठरवला ४०. मुलं खुशीत, नगामागे २५ नफा! आम्ही विचारलं, एक वही बांधायला वेळ किती लागतो? ४० मिनिटं. तुमच्या एका तासाची मजुरी ३० धरली तर? म्हणजे नगामागे मजुरीच २० झाली आणि उरले ५. टोचा, फळी आणि पट्टीवर सुरुवातीलाच २०० खर्च झाले होते. ते भरून निघायला ४० वह्या विकाव्या लागणार आणि खरा नफा एकेचाळिसाव्या वहीपासून.

खोलीत शांतता पसरली आणि मग जोरदार वाद सुरू झाला. कोणी म्हणालं भाव वाढवू, कोणी म्हणालं पुठ्ठा हलका घेऊ. एकीने सुचवलं की एकेक वही पूर्ण न करता आधी सगळ्या कागदांच्या घड्या घालू, मग सगळ्यांना भोकं पाडू, मग शिवायला बसू. वेळ ४० मिनिटांवरून २४ वर आला. मजुरी १२, शिल्लक १३, म्हणजे सोळाव्या वहीलाच २०० वसूल. स्थिर खर्च, बदलता खर्च, 'ना नफा ना तोटा' बिंदू हे शब्द आम्ही त्यानंतर सांगितले. तोवर मुलांना त्यांची गरज पडली होती.

दुसरा मोठा धडा विक्रीचा. मुलांनी काहीही बनवलं की आत्या, मामा, शेजारी ते कौतुकाने घेतातच. त्या कौतुकात गैर काहीच नाही, पण त्यातून मालाला मागणी आहे की नाही ते कळत नाही. म्हणून वहीत विक्रीचे दोन रकाने केले: ओळखीचे आणि अनोळखी. गटाचं कसं चाललंय याची चर्चा फक्त दुसऱ्या रकान्यावर करायची. त्याच्या शेजारी नकारांचं पान. कोण नाही म्हणालं आणि नेमक्या कोणत्या शब्दांत, तेच शब्द लिहायचे; आपला अर्थ लावायचा नाही. "लोकांना किंमत कळत नाही" हे वाक्य त्या पानावर चालत नाही.

नकाराचं हे पान आमच्या वर्गाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे असं मला मनापासून वाटतं. सायकली दुरुस्त करणाऱ्या एका मुलाच्या पानावर भावाची तक्रार जवळपास नव्हतीच. लोक म्हणत होते, "ठेवून जायला जमणार नाही, सकाळी लागते." त्याने संध्याकाळी सायकल घ्यायची आणि सकाळी कामावर जायच्या आत दारात आणून द्यायची, असं सुरू केलं. भाव तोच, काम तेच. लोकांना गरज होती ती सकाळी सायकल हाताशी असण्याची, आणि ते त्याला त्या पानावरून समजलं. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून 'नाही' ऐकणं, तरी आभार मानून पुढच्या दाराकडे जाणं, हे खोलीत बसून कोणालाच शिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात काही मुलं रडवेली होतात. मोठी माणसं मग मध्ये पडून दोन नग विकत घेऊ पाहतात. पालकांना आम्ही कळकळीने सांगतो की एवढं करू नका.

उधारी, आणि नफा असूनही हातात रोकड नसणं, हे दोन विषय मुलं स्वतःच वर्गात घेऊन येतात. आम्हाला ते वेगळे काढावे लागत नाहीत.

हळूहळू या कामाचा अभ्यासही सुरू झाला. जगात असे वर्ग नवे नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे १९१९ साली ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था सुरू झाली. कागद कारखानदार होरेस मोझेस, एटीअँडटी या टेलिफोन कंपनीचे थिओडोर व्हेल आणि सिनेटर मरे क्रेन हे तिचे संस्थापक. तिच्या कंपनी कार्यक्रमात मुलं भाग विकून भांडवल उभं करतात, वस्तू बनवतात, विकतात आणि शेवटी कंपनी रीतसर बंद करून भागधारकांचे पैसे चुकते करतात. ही शेवटची पायरी आम्हाला फार आवडली. धंदा बंद करणं म्हणजे अपयश, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. आमच्याकडे आता प्रत्येक तुकडी शेवटच्या आठवड्यात येणी वसूल करते, देणी भागवते, उरलेला माल निकालात काढते, भांडवल परत करते आणि शिल्लक वाटून घेते. तोटा असला तर तोही लिहून सही करते. आमच्या हिशोबाच्या ग्राहकांमध्ये असे लोक होते ज्यांना धंदा वेळेवर थांबवता न आल्याने घर गहाण टाकावं लागलं. त्यामुळे हा आठवडा आमच्यासाठी नुसती औपचारिकता नाही.

असे वर्ग किती उपयोगी पडतात यावरचं संशोधन वाचलं तेव्हा मात्र विचारात पडायला झालं. नेदरलँड्समध्ये ज्युनिअर अचीव्हमेंटच्याच एका विद्यार्थी-कंपनी कार्यक्रमावर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांच्या उद्योजकीय कौशल्यांत ठळक वाढ दिसली नाही आणि उद्योजक होण्याची इच्छा तर कमीच झाली. त्याच देशात ११-१२ वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळं चित्र होतं: व्यवसायाच्या माहितीत फरक पडला नाही, पण चिकाटी, पुढाकार, स्वतःवरचा विश्वास अशा गुणांवर चांगला परिणाम झाला. टोगो देशात प्रौढ छोट्या व्यावसायिकांवर झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. स्वतःहून पाऊल उचलण्याचं प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. हिशोब, विपणन असं नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात मात्र ठामपणे सांगता येईल अशी वाढ दिसली नाही.

आम्ही हिशोबाची माणसं, त्यामुळे हा शेवटचा निष्कर्ष आम्ही फार लक्ष देऊन वाचला. त्यानंतर वर्गाचा क्रमच वेगळा लावला. आता मुलं पहिल्याच दिवशी बाहेर पडतात, काहीतरी विकून किंवा कुठली तरी सेवा देऊन परत येतात, आणि वही त्यानंतर उघडते. समोर स्वतःचे आकडे असले की हिशोब कंटाळवाणा राहत नाही. आणि इच्छा कमी होण्याबद्दल म्हणाल, तर मला ते नुकसान वाटत नाही. एका मुलीने वर्ग संपल्यावर सांगितलं, "मला विकायला आवडत नाही, पण वेळेचं आणि मालाचं नियोजन करायला खूप आवडतं." सोळाव्या वर्षी स्वतःबद्दल इतकं नेमकं कळणं ही मोठी कमाई आहे.

पालक चौकशीला येतात तेव्हा बऱ्याचदा एखाद्या तरुण अब्जाधीशाचं नाव त्यांच्या ओठांवर असतं. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. इंग्वार काम्प्राद यांनी १९४३ साली, १७ व्या वर्षी आयकिया सुरू केली हे खरं. पण लहानपणी ते घाऊक काड्यापेट्या आणून सुट्ट्या विकत होते आणि कंपनीत फर्निचर आलं ते १९४८ साली. आधी पेनं, पाकिटं, चित्रांच्या चौकटी असा किरकोळ माल होता. म्हणजे कंपनीची नोंद होण्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं छोट्या विक्रीचा सराव चाललेला होता. दुसरी गोष्ट, अमेरिकेतल्या कंपन्यांच्या नोंदींवरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं. म्हणून आमच्याकडे कोणाला घाई नाही. शाळा सोडून धंद्यात उतरायचं म्हणणाऱ्या मुलाला आम्ही शाळेतच थांबायला सांगतो.

मुलांच्या वयाशी जोडलेल्या काही बाबी आम्ही काटेकोरपणे पाळतो. बहुतेक देशांत १८ वर्षांखालच्या व्यक्तीवर करार सहसा बंधनकारक ठरत नाही, म्हणून मोठी ऑर्डर किंवा ऑनलाइन विक्रीचं खातं पालकांच्या संमतीने आणि त्यांच्याच नावावर. वय लहान म्हणून कर आपोआप माफ होत नाही, हेही मुलांना सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाच्या करारात १३ ते १५ वयाच्या मुलांसाठी फक्त हलकं काम मान्य आहे, तेही शाळेच्या आणि तब्येतीच्या आड न येणारं. आमची मर्यादा याहून कडक आहे: ठरलेल्या तासांपलीकडे काम नाही, परीक्षेच्या दिवसांत वर्ग बंद, आणि नफा मुलांचाच. एकदा एका पालकांनी मुलाच्या गटाला घरच्या धंद्याचं पॅकिंगचं काम देऊ केलं. तिथे शिकणं संपून राबणं सुरू होणार होतं, म्हणून आम्ही नम्रपणे नकार दिला.

पैशाच्या दृष्टीने ही वाट सोपी नव्हती. एका दिवसाचा मेळावा, स्टॉल, बक्षीस आणि सगळ्यांना प्रमाणपत्र, अशी मागणी आम्हाला सतत येते आणि त्यात उत्पन्न चांगलं आहे. ती कामं आम्ही घेत नाही. एका दिवसात माल परत येत नाही, उधारी थकत नाही, दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक भेटत नाही. आणि व्यवसाय कळतो तो तिथेच. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्गही थांबला, तेव्हा दोघींचा पगार हिशोबाच्या कामानेच चालवला. प्रत्येक तुकडीत काही जागा बिनशुल्क असतात, त्याही त्याच उत्पन्नातून. आमच्या काही जुन्या ग्राहकांनी आपणहून त्यात भर घातली आणि नंतर स्वतःच वर्गात येऊन मुलांना आपले ताळेबंद उघडून दाखवले. आपला तोटा पंधरा वर्षांच्या मुलांसमोर मांडायला मोठं मन लागतं.

सध्या आम्ही शिक्षकांची पहिली तुकडी तयार करतोय, कारण आम्ही दोघी सगळीकडे पुऱ्या पडणार नाही. त्यांच्यासाठी अट एकच ठेवली आहे: मुलांसमोर उभं राहण्याआधी प्रत्येकाने तेवढ्याच भांडवलावर स्वतः काहीतरी अनोळखी माणसांना विकायचं आणि नकाराचं पान भरून आणायचं. तिघांची पानं आली आहेत. बाकीच्यांची पुढच्या आठवड्यापर्यंत येतील, मग वर्गाच्या तारखा ठरवू.