नांगर, कागद आणि घाई : तुम्ही विचारलंत म्हणून

छोट्या शिडाच्या होडीतून कॅरिबियन समुद्रातली ग्रेनाडा ते मार्टिनिक ही बेटे फिरायला पैसे किती लागतात, असे मला वरचेवर विचारले जाते. नेमका आकडा सांगणे अवघड आहे, कारण इथला खर्च बेटांपेक्षा तुम्हाला किती घाई आहे यावर ठरतो. मरिनात (होड्यांच्या धक्क्यावर) होडी बांधली की लांबीच्या हिशेबाने रोजचे भाडे सुरू होते; उलट खाडीत नांगर टाकून राहिल्यास बऱ्याच ठिकाणी काहीच द्यावे लागत नाही. म्हणूनच जुन्या शिडाला ठिगळ लावून आणखी एक मोसम काढावा, पण नांगर आणि साखळी घेताना हात आखडू नये.

सेंट व्हिन्सेंटजवळच्या बेक्विया बेटाच्या ॲडमिरल्टी बे या खाडीत पाणी इतके नितळ असते की, मास्क लावून उतरल्यावर नांगराचे पाते वाळूत पुरते रुतले आहे की समुद्री गवतावर नुसतेच आडवे पडले आहे, हे स्पष्ट दिसते. साखळी खोलीच्या निदान पाचपट सोडावी, आणि खोली धरताना होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंचीही त्यात मिळवावी. भाड्याच्या बोयाला (तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला) होडी बांधायची झाल्यास त्याचा दोर आधी तपासावा. पैसे घ्यायला आलेला माणूस बोयाचा मालक असतोच असे नाही.

कारियाकू आणि युनियन ही बेटे एकमेकांना सहज दिसतात, परंतु पहिले ग्रेनाडा या देशाचे आणि दुसरे सेंट व्हिन्सेंट या वेगळ्या देशाचे. त्यामुळे मधली चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडली की पिवळा झेंडा (होडीची तपासणी बाकी असल्याची खूण), कस्टम्स, इमिग्रेशन आणि शुल्क हे सगळे नव्याने आले. कार्यालयीन वेळेबाहेर किंवा सुट्टीच्या दिवशी गेल्यास जादा आकार पडतो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की मार्टिनिक फ्रान्सचे असले तरी शेंगेन या युरोपच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे व्हिसाची चौकशी आधीच करावी.

उरला वारा. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य-पूर्वेचे व्यापारी वारे अधूनमधून २५ नॉटच्या (ताशी २५ सागरी मैलांच्या) वर जातात. त्यांना तिथे ख्रिसमसचे वारे म्हणतात. सेंट व्हिन्सेंटसारख्या उंच बेटाच्या आडोशाला होडी जागच्या जागी डुलत राहते आणि टोक ओलांडताच वारा व पश्चिमेकडे ओढणारा प्रवाह दोन्ही एकदम अंगावर येतात. परतीचे विमान गाठायचे असलेला माणूस अशाही दिवशी निघतो, डिझेल जाळतो आणि शीड फाडून घेतो. ज्याला थांबता येते, त्याचे दोन्ही वाचते.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. १२ अंश अक्षांशाजवळचे ग्रेनाडा त्यातून सुटते, असा समज २००४ मध्ये आयव्हन या चक्रीवादळाने मोडला, आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल थेट कारियाकूवर आदळले, तेव्हा तिथल्या खारफुटीत आसऱ्याला ठेवलेल्या होड्याही सुटल्या नाहीत. त्यामुळे काटकसरीच्या हिशेबातसुद्धा आणखी दक्षिणेला, त्रिनिदादला होडी पाण्याबाहेर काढून ठेवण्याचे पैसे आधीच बाजूला काढावे लागतात.