पॉम्पेईचे हौद आणि तेरचे कापड

इटलीच्या प्रवासाला अण्णांना बरोबर न्यायचे ठरवले तेव्हा घरच्यांना काळजी वाटली, कारण माझे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि सोलापुरात आयुष्यभर सूत रंगवण्याचे काम केल्यामुळे त्यांचे गुडघे पार गेलेले आहेत. पण रोमन लोकांचे एक अख्खे गाव पाहायला मिळणार हे कळल्यापासून त्यांचाच उत्साह माझ्यापेक्षा जास्त होता.

नेपल्सहून लोकल गाडीने पॉम्पेईला उतरलो आणि समुद्राच्या बाजूच्या वेशीतून चढण चढून आत शिरलो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे शहर, १७४८ पासून उकरले जात असूनही, अजून साधारण एक तृतीयांश मातीखालीच आहे. रस्त्यांना ज्वालामुखीचाच काळा दगड घातलेला आहे, आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या दगडाची आठवण करून देणारा, आणि त्यावर गाड्यांच्या चाकांनी इतक्या खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत की त्यांत माझा बुटासकट पाय बसला. चौकाचौकात पाण्याची दगडी कुंडी आहेत. पाणी भरताना लोक जिथे हात टेकवत, तिथे त्यांची कड झिजून गुळगुळीत झाली आहे. अण्णांनी नेमका त्याच जागी हात टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

राखेत मेलेल्या माणसांचे ठसे मी मुद्दामच घाईने पाहिले. देह कुजून राखेत राहिलेल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतण्याची पद्धत इटालियन पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ मध्ये वापरली. त्यामुळे त्या माणसांची शेवटची धडपड आज आपल्याला दिसते. पण त्यांच्याजवळ उभे राहून हसत फोटो काढणारी गर्दी मला सहन झाली नाही. ती माणसे होती, एवढे तरी भान तिथे असायला हवे.

आम्ही सर्वांत जास्त थांबलो ते मुख्य रस्त्यावरच्या स्टेफानसच्या धुलाईघरात. दारालगतच्या भिंतीवरील निवडणुकीच्या मजकुरातून हे नाव मिळाले आहे. पावसाचे पाणी साठवण्याचे अंगणातले टाके भिंत उंचावून धुण्याच्या हौदात बदललेले आहे आणि मागच्या बाजूला एकमेकांना जोडलेले मोठे हौद आहेत. त्यांच्या शेजारी कापड पायांनी तुडवण्याच्या लहान जागा असून, दोन्ही बाजूंना हात टेकायला बुटक्या भिंती आहेत. शेजारच्या गटातला मार्गदर्शक सांगत होता की, मळ काढण्यासाठी इथे लोकांचे मूत्र गोळा करून वापरत. त्यावर सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. मूत्र मुरले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकट मळ सोडवतो, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण स्वतःच्या हातांची सालपटे निघेपर्यंत त्यांनी कॉस्टिक आणि ब्लीचिंगमध्ये काम केलेले आहे.

"आधी पाणी कुठनं येतंय ते बघ," ते मला म्हणाले. "वरच्या हौदातलं पाणी खालच्यात उतरतंय. म्हंजे मळकं कापड पहिल्यांदा खालच्यात टाकायचं आणि चढवत चढवत वर न्यायचं. पाणी खाली, कापड वर. शेवटचं खंगाळणं चोख पाण्यात झालं पाहिजे." रोमन धुलाईघरांचे अभ्यासक हौदांच्या रचनेवरून हाच क्रम मांडतात. अण्णांना तो एका नजरेत कळला आणि मला त्या क्षणी माझ्या वडिलांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा याआधी कधी वाटल्याचे आठवत नाही.

त्याच रस्त्यावरच्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. वीतभर उंचीची, गळा आणि हातपाय दागिन्यांनी भरलेली, दोन्ही बाजूंना दासी, आणि डोक्यावर खोल भोक. यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी असे मानले जाते. तिची घडण तेरला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी इतकी जुळते की, काही अभ्यासक तिचे माहेर सातवाहनांच्या मुलखात शोधतात. हे तेर, म्हणजे गोरोबाकाकांचे तेर, सोलापूरपासून धाराशिवमार्गे दीड-दोन तासांवर आहे.

ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या व्यापारी माहितीपुस्तकात तेरचे नाव तगर असे येते. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर. तिथून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असे आणि तिथून समुद्रापार. रोमन लेखक थोरला प्लिनी याने तर भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे. तो व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मरण पावला. आपल्या भागातून कापड जगभर जाते असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर चादरी आणि टॉवेल येतात. ही वाट दोन हजार वर्षांची आहे हे सोलापूरच्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

परत आल्यावर पंधरा दिवसांतच आम्ही तेरला गेलो. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयात ती मूर्ती पाहिली, रोमन धाटणीच्या वस्तू पाहिल्या. अण्णांनी मात्र सगळीकडे फिरून एकच विचारले, "कापडाचा तुकडा कुठंच नाही का?" सुती कापड आपल्या मातीत इतकी शतके टिकत नाही, असे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. बाहेर पडल्यावर त्यांनी तेरणेच्या काठाला नेण्याचा हट्ट धरला. पात्रात थोडे पाणी होते. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते खाली वाकले, ओंजळभर पाणी घेऊन अंगठा आणि बोटांमध्ये चोळून पाहिले, जसे ते रोज सकाळी रंगाचा हौद भरण्याआधी पाहत असत, आणि म्हणाले, "जरा जड आहे. पण रंग धरला असता."